बेंजामिन मास्तरांचा ताप

"बूट बसत नाहीत," एवढीच त्यांची तक्रार होती.

"मग दुकान चुकलं तुमचं," मी म्हणालो. तेव्हा मी नवा होतो. पेशंटने आल्या आल्या हसलं पाहिजे, असा माझा आग्रह असे.

"न्हाई चुकलं, डाक्टर. दोन दुकानं हिंडून आलो. दोघं म्हनले, बूट बरोबर हायेत, पाय दाखवा कुनाला तरी."

समोरचा माणूस लग्नाच्या वरातीतून उठून थेट माझ्या केबिनमध्ये आला होता. अंगात लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झुपके, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा, आणि पायांत रबरी स्लिपर. बेंजामिन साळवे. केडगावच्या एका ब्रास बँडचे मालक, मास्तर आणि ट्रम्पेटवादक, तिन्ही तेच. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात ट्रम्पेट शिकले आणि मोठेपणी त्याच ट्रम्पेटवर पार सुप्यापासून राहात्यापर्यंतच्या नवरदेवांना मांडवात पोचवू लागले.

मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच. चेहराही सुजलेला, ब्लडप्रेशर वाढलेलं. पायांवर बारीक लाल ठिपके होते. त्यांबद्दल ते म्हणाले, "थंडीत येत्यात. डास असतील."

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी एम.डी. मेडिसिन. शिक्षण झाल्यावर पुण्यात आमच्या सरांच्या हाताखाली किडनीच्या वॉर्डात काही काळ काढला होता. तेवढ्या भांडवलावर नगरला येऊन छोटं हॉस्पिटल काढलं आणि पाटीवर 'किडनीविकार' हा शब्द जरा मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला. पाटी रंगवणाऱ्याने विचारलंही होतं, "एवढा मोठा?" मी म्हणालो होतो, "शब्दच मोठा आहे."

लघवी तपासायची आमची पद्धत तेव्हा फार साधी होती. काचेच्या नळीत लघवी घ्यायची आणि वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. निरोगी माणसाची लघवी तापवली तरी स्वच्छ राहते. किडनीची गाळणी फाटली असेल, तर रक्तातली प्रथिनं लघवीत उतरतात आणि तापवल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळतात. मास्तरांची नळी दिव्यावर धरली, तर वरच्या भागात चक्क दही लागलं. नळी उलटी केली असती तरी पडलं नसतं.

मी निदान केलं, नेफ्रायटिस. म्हणजे किडनीची सूज. स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याने बोलावलं. महिन्याने मास्तर आले तेव्हा स्लिपरही बसत नव्हती.

मी पुण्याला सरांना फोन लावला. एसटीडीचा काळ. सर फोनवर कमी बोलत आणि पुढचं वाक्य आपण बोलण्याची वाट पाहत.

"सर, स्टिरॉइडने सूज उतरत नाहीये."

"पायांवर काही?"

"लाल ठिपके आहेत. डासांचे असावेत."

"डासांचे आहेत असं कोण म्हणालं?"

"पेशंट."

"मग पाटी त्याच्याच नावाने लाव. रक्त कधी चढवलंय का, हे विचारलंस?"

"नाही, सर."

"विचार."

फोन ठेवला गेला.

मी विचारलं. मास्तर आनंदाने सांगू लागले. चारेक वर्षांपूर्वी वऱ्हाड गाठायच्या घाईत बँडचा टेम्पो करंजीच्या घाटात उलटला होता. ढोल दरीत गेला. मास्तरांची मांडी मोडली, रक्त खूप गेलं. दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. "लई मोठं आप्रेशन झालं. तुमी विचारलंच न्हाई, न्हाईतर सांगितलं असतं."

त्यांचं रक्त तपासणीसाठी पुण्याला पाठवलं. उत्तर आलं, हिपॅटायटिस सी. आपल्या बोलीत 'सी' कावीळ. हा विषाणू सापडून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मास्तरांना रक्त चढवलं त्या काळात तर रक्तात तो आहे का, हे आपल्याकडे सहसा कुणी पाहतच नसे. मग सरांनी त्यांना पुण्याला बोलावून बायॉप्सी केली, म्हणजे सुईने किडनीचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सरांची शंका खरी ठरली. विषाणू राहायला लिव्हरमध्ये, पण मार खात होती किडनी.

हे मास्तरांना आणि त्यांच्या पत्नीला समजावून सांगणं माझ्याकडे आलं. रत्नाबाई सुप्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्या नोकरीमुळे औषधाच्या बिलांची सोय झाली, नाहीतर ही हकीकत इथेच संपली असती. त्या खुर्चीच्या कडेवर ताठ बसत आणि मी बोलताना माझ्याकडे अशा पाहत, की आपलं काहीतरी चुकतंय असं मला बोलायच्या आधीच वाटे.

"हे बघा," मी म्हणालो, "विषाणूशी लढायला शरीर एक पदार्थ तयार करतं. तो विषाणूला चिकटतो. त्यांच्या गुठळ्या होतात. त्या रक्तातून फिरत फिरत किडनीच्या गाळणीत अडकतात. गाळणी सुजते आणि फाटते. थंडीत या गुठळ्या जास्त होतात, म्हणून ते ठिपके."

मास्तर विचारात पडले. "मंजी ट्रम्पेटात थुंकी साचती तसं?"

"साधारण तसंच."

"थुंकी काढायला ट्रम्पेटाला खाली बटन असतं. किडनीला न्हाई का?"

"नाही."

"डिझाईनच चुकलं मग."

रत्नाबाई हसल्या नाहीत. "आणि औषध नाही केलं तर?"

"किडनी निकामी होईल. मग डायलिसिस. म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राने रक्त धुऊन घ्यायचं. त्यासाठी दर वेळी पुणं."

मास्तर कोटाच्या बटणाशी चाळा करत म्हणाले, "आठवड्यात दोन-तीनदा पुनं. मंजी वाजवायचं बंद."

बँडमास्तर खुर्चीत बसून वाजवत नाही. तो वरातीच्या पुढे चालतो, अर्धा वेळ उलटा चालतो, वाजवता वाजवता मागच्या ढोलवाल्याला डोळ्यांनी दटावतो. पायांत बळ आणि छातीत दम, दोन्ही लागतं. त्यांची भीती मरणाची नव्हती, ट्रम्पेट खुंटीला टांगावं लागेल याची होती. बँडमधली डझनभर घरंही त्या ट्रम्पेटवर चालत होती, ते वेगळंच.

औषध होतं, इंटरफेरॉन. गुठळ्या करणाऱ्या पदार्थाहून हा वेगळा; विषाणूशी झगडायला आपलं शरीरच तोही बनवतं. तोच कारखान्यात तयार करून इंजेक्शनमधून द्यायचा, आठवड्यातून तीन वेळा, पोटाच्या कातडीखाली. फ्रिजमध्ये ठेवायचा, हलवायचा नाही, गोठवायचा नाही. विषाणू कमी झाला की गुठळ्या कमी होतात आणि किडनीला उसंत मिळते. डोस तीस लाख युनिट. हा आकडा मास्तरांना फार आवडला. "तीस लाख? येकदम?" त्यांनी बँडमध्ये ही बातमी सांगितली आणि केडगावात त्यांचा भाव वधारला.

पुण्याहून इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात आली. सरांनी पाठवलेले लेख मी चार वेळा वाचले. डोस पाठ केला, धोके पाठ केले. पहिलं इंजेक्शन आमच्या कुसुम सिस्टरने दुपारी दिलं आणि मास्तर लुनावर बसून केडगावला गेले. मी मिशीवर ताव देत घरी गेलो. नगर जिल्ह्यातलं हे पहिलंच इंटरफेरॉन असावं, अशी माझी समजूत होती. ती कुणी खोडून काढू नये म्हणून मी कुणाला विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ओपीडी उघडायच्या आधीच रत्नाबाई दारात उभ्या होत्या. शाळेला जायच्या साडीत, हातात छत्री. छत्रीचं टोक माझ्या दिशेने.

"डॉक्टर, काल संध्याकाळी ह्यांना एकशे तीन ताप होता. दात वाजत होते. तीन गोधड्या घातल्या. अंग मोडून आलं, डोकं फुटतंय म्हणत होते. काय दिलंत तुम्ही?"

तेव्हा मला आठवलं. इंटरफेरॉन दिल्यावर काही तासांनी फ्लूसारखा ताप येतो, जवळजवळ सगळ्यांना येतो. आधी पॅरासिटामॉलची गोळी द्यायची आणि पेशंटला तशी कल्पना द्यायची. हे प्रत्येक लेखाच्या पहिल्याच पानावर होतं. मी चारही वेळा वाचलं होतं. फक्त मास्तरांना सांगायचं राहिलं होतं.

अशा वेळी शहाणा डॉक्टर म्हणतो, सांगायचं विसरलो, माफ करा. मी छत्रीकडे पाहिलं, खुर्चीत मागे रेललो आणि चेहऱ्यावर समाधान आणलं.

"ताप आला? एकशे तीन? छान!"

"छान?"

"अहो, याचीच वाट पाहत होतो. ताप आला म्हणजे औषध लागू पडलं. शरीर लढायला उठलं. ताप आलाच नसता, तर मला काळजी वाटली असती."

छत्री खाली आली. रत्नाबाईंच्या डोळ्यांत माझ्याबद्दल पहिल्यांदाच आदर दिसला. तो इतका दुर्मिळ होता, की मी उत्साहाच्या भरात ते वाक्य आणखी एकदा म्हणालो.

वाक्य केडगावात पोचलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. बँडमधली मंडळी एकमेकांना विचारू लागली, "मास्तरला ताप आला का?" "आला की! एकशे दोन." "झ्याक!" मास्तर स्वतः ओपीडीत येऊन परीक्षेचे मार्क सांगावेत तसा ताप सांगत. लग्नाच्या तिथीला ताप नको, म्हणून ते कॅलेंडर काखेत मारून येत. बुधवारी लग्न असलं तर इंजेक्शन मंगळवारी, गुरुवारी हळद असली तर शुक्रवारी. कुसुम सिस्टर एकदा म्हणाल्या, "डॉक्टर, मी नर्स आहे का मुहूर्त काढणारी?"

पहिल्या महिन्याच्या शेवटी लघवी तपासली. फार फरक नव्हता, थोडाफार होता. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की घाई करू नकोस. ताप मात्र नियमित येत होता. उलट वाढत होता. मास्तरांचं वर्णनही वाढत होतं.

"काल कसं?"

"काय सांगू, डाक्टर! खाट हालत हुती. शेजारचा म्हनला, भूकंप झाला का."

पुढच्या वेळी, "दात असं वाजत हुतं, आमच्या सायमननं त्यावर ठेका धरला." सायमन म्हणजे त्यांचा ढोलवाला.

मी डोकं हलवत असे. ऐकताना मजा वाटे, पण आत कुठेतरी टोचत होतं. सहा आठवडे उलटल्यावर पुन्हा सरांना फोन केला.

"सर, औषध चालू आहे. ताप अजून येतोय. एकशे तीन."

"अजून? हा ताप पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. शरीराला सवय होते. वाचलं नाहीस?"

मी वाचलं होतं. तेही लेखाच्या पहिल्याच पानावर होतं.

"इतके दिवस ताप म्हणजे दुसरं काहीतरी शिजतंय," सर म्हणाले. "टीबी असेल, कुठे पू असेल. त्यात तू त्याला आधी स्टिरॉइड खिलवलंस. इंजेक्शन थांबव. अ‍ॅडमिट करून ताप शोध. इंजेक्शन थांबवल्यावर ताप गेला, तर औषध त्याला सोसत नाही असं समज आणि कायमचं बंद कर. नाही गेला, तर कारण शोध."

मास्तरांना मी सांगितलं, इंजेक्शन बंद.

ते चमकले. "बंद? पर डाक्टर, ताप येतोय की!"

"म्हणूनच बंद."

"येतोय म्हनून बंद?" ते माझ्याकडे पाहत राहिले. मी एखाद्या गाण्याचा सूर मध्येच बदलला असावा, तसे. मग हळूच म्हणाले, "जरा कमी झालाय तसा."

"किती?"

"तुमाला किती चालंल?"

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. मी त्या वेळी अ‍ॅडमिशनचा कागद लिहीत होतो.

मास्तर वॉर्डात दाखल झाले आणि आमचं अख्खं हॉस्पिटल त्यांच्या तापामागे लागलं. मलेरियासाठी बोटाचं रक्त घेतलं. टायफॉइडची टेस्ट झाली. छातीचा एक्सरे काढला, तो स्वच्छ. हातावर टीबीची सुई टोचली, तिथे काही उठलं नाही. दर चार तासांनी थर्मामीटर लावला जात होता. कुसुम सिस्टर येऊन सांगत, "अठ्ठ्याण्णव चार." पुन्हा, "अठ्ठ्याण्णव." पुन्हा, "अठ्ठ्याण्णव सहा." मला संशय आला की थर्मामीटर बिघडलाय. दुसरा मागवला. तोही बिघडलेला निघाला. तिसरा मी स्वतःच्या तोंडात धरून पाहिला. अठ्ठ्याण्णव चार. म्हणजे आता मीही बिघडलो होतो.

दोन दिवस झाले. ताप नाही. म्हणजे सरांच्या हिशोबाने औषधच सोसत नव्हतं. माझ्या मनाने निकाल दिला, कायमचं बंद. त्या काळात या दुखण्यावर दुसरं औषध जवळजवळ नव्हतंच. याच्या जोडीला देता येईल अशी एक गोळी नुकतीच आली होती, पण बिघडलेल्या किडनीला ती चालत नसे. म्हणजे पुढे काय ते मला दिसत होतं. पुण्याची बस आणि खुंटीवरचं ट्रम्पेट. दुपारच्या राउंडला मी हे मास्तरांना सांगितलं. जमेल तेवढं हळू सांगितलं.

"ताप अजाबात न्हाई, म्हनून बंद?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् आला तर?"

"आला तर बघू," मी म्हणालो. पेशंटच्या कॉटजवळून निघताना काहीतरी आशेचं बोलावं, ही माझी जुनी खोड.

चारचा चहा वॉर्डात फिरला. थोड्या वेळाने कुसुम सिस्टर केबिनच्या दारात आल्या. त्यांच्या हातात थर्मामीटर होता आणि चेहरा विचित्र होता.

"डॉक्टर, साळवे मास्तर. एकशे सहा."

मी धावलो. एकशे सहा म्हणजे फिट येऊ शकते, शुद्ध हरपू शकते. बर्फ आणा, पंखा वाढवा, पलंग खिडकीजवळ घ्या, असं ओरडत वॉर्डात शिरलो. मास्तर उशीला टेकून बसले होते. मला पाहून त्यांनी घाईघाईने कण्हायला सुरुवात केली. मी कपाळावर हात ठेवला. गार. छातीवर ठेवला. गार. नाडी शांत.

इथे माझ्या शिक्षणाने उचल खाल्ली. मी सिस्टरकडे वळून म्हणालो, "बघा, हे दुर्मिळ असतं. आतून प्रचंड ताप आणि कातडी थंड. रक्तवाहिन्या आकसतात. अशा वेळी—"

"डॉक्टर," कुसुम सिस्टर म्हणाल्या, "थर्मामीटर चिकट लागतोय."

"म्हणजे?"

"साखर आहे. आणि ही साय."

मी खाली पाहिलं. कॉटखाली कप होता. अर्धा भरलेला. आमच्या कँटीनचा चहा किती गार असतो याबद्दल पेशंट वर्षभर तक्रार करत होते. तो नेमका किती गार असतो, ते मला त्या दिवशी कळलं. एकशे सहा.

शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ तोंडावर चादर ओढून हादरत होते. मी स्टूल ओढून बसलो.

"मास्तर, हे काय?"

मास्तरांनी कण्हणं थांबवलं. "डाक्टर, राग धरू नका. ताप येत न्हाई मला."

"कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासनं. येक दिवस आलाच न्हाई. म्हनलं, पुढच्या सुईला यील. तवा बी न्हाई."

"मग खाट हलत होती, दात वाजत होते, ते?"

"ते पयल्या आठवड्यातलं हुतं. पुढं तेच सांगत गेलो, जरा वाढवून."

"का पण?"

"तुमीच म्हनला हुता, ताप आला मंजी औषध लागू पडलं. ताप न्हाई म्हनलं असतं तर तुमी म्हनला असता, लागू पडंना, बंद करा. मला कळत हुतं हो, पायाला बरं वाटतंय. पर तुमच्या हिशोबात पाय कुठं हुता? ताप हुता. म्हनून ताप दिला तुमाला." त्यांचा आवाज बसला. "येत हुता तरी बंद, न्हाई आला तरी बंद. आता मानसानं करावं काय?"

"पायाला बरं वाटतंय म्हणजे?"

त्यांनी चादर बाजूला केली. घोट्याची हाडं दिसत होती. नडगी सरळ, ठिपके पुसट. कॉटखाली कपाच्या शेजारी काळे बूट होते. पॉलिश केलेले. मास्तर अ‍ॅडमिट व्हायला ते घालून चालत आले होते. दोन दिवस मी रोज त्या कॉटपाशी उभा राहत होतो आणि वरून थर्मामीटर वाचत होतो.

मी नळी आणि स्पिरिटचा दिवा मागवला. वॉर्डातच, सगळ्यांसमोर, लघवी तापवली. दह्याऐवजी नळीत पातळ ताकाएवढा पांढुरकेपणा आला. मी ती उजेडात धरली, फिरवली. मास्तर पुढे वाकले.

"पास का?"

"पास. काठावर नाही, चांगले पास."

तेवढ्यात रत्नाबाई डबा घेऊन आल्या. सगळा प्रकार त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतला. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मलासुद्धा सांगितलं नाहीत? मी दर इंजेक्शनला गोधड्या घालतेय आणि तुम्ही आत घामाने निथळताय?"

"लई उकडत हुतं," मास्तरांनी कबूल केलं.

"आणि तुम्ही, डॉक्टर. माझ्या वर्गात मी मुलांना प्रश्न विचारते, तेव्हा उत्तर फळ्यावर लिहून ठेवत नाही."

मी फोनकडे गेलो.

"सर, ताप सापडला."

"कुठे होता?"

"चहात."

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. सर हसत असले की आवाज करत नसत. मग म्हणाले, "इंजेक्शन सुरू कर. आणि पुढच्या वेळी पेशंटला काही समजावून सांगायचं असलं, तर आधी मला फोन करून समजाव. मला समजलं तर त्याला सांग."

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. मध्ये खंड पडल्यामुळे पहिल्या दिवशी थोडा ताप येईल, हे मी या वेळी आधीच सांगितलं. गोळीही दिली. दुसऱ्या दिवशी मास्तर आले.

"मग? ताप आला का काल?"

मास्तरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते शोधलं.

"डाक्टर, आधी सांगा. यायला पायजे का नको?"

वर्षभर औषध चाललं. त्या काळात त्यांचे केस थोडे विरळ झाले, ते अधूनमधून उदास होत, दर महिन्याला रक्तातल्या पेशी मोजाव्या लागत. पण नळी हळूहळू स्वच्छ होत गेली. ब्लडप्रेशर एका गोळीवर आलं. औषध थांबवल्यावर काही महिन्यांनी लघवीत थोडी प्रथिनं परत दिसली. हे त्या औषधाच्या बाबतीत बऱ्याच जणांचं होत असे. विषाणू पुरता गेला नव्हता, दबला होता. पण किडनीला उसंत मिळाली होती आणि ती तिने चांगली वापरली. डायलिसिसची वेळ आली नाही. पुढच्या लगीनसराईत मास्तर वरातीपुढे उलटे चालत होते. मी एका लग्नात पाहिलं. त्यांनी मला पाहून ट्रम्पेट खाली घेतलं नाही. भुवया उडवल्या आणि सूर आणखी वर नेला. पुढे कितीतरी वर्षांनी या विषाणूवर गोळ्या आल्या. तीन महिने घ्यायच्या, ताप नाही, थंडी नाही, बहुतेकांचा विषाणू कायमचा जातो. मास्तरांनी त्याही घेतल्या. "ताप न्हाई, काई न्हाई, हे कसलं औषध?" अशी कुरकुर करत घेतल्या आणि विषाणूमुक्त झाले.

मी यातून एवढं शिकलो, की पेशंट खोटं बोलतो तेव्हा बहुतेक वेळा उत्तर आपणच त्याच्या हातात दिलेलं असतं. त्यामुळे आता मी "ताप आला का?" असं विचारत नाही. "काय काय होतंय?" एवढंच विचारतो आणि तोंड मिटतो. हे दुसरं काम अवघड आहे. औषध सांगून झालं की पेशंटला म्हणतो, "मी काय सांगितलं, ते आता तुम्ही मला सांगा."

परवाच एका आजोबांना किडनीचं पथ्य, गोळ्या, पाणी किती प्यायचं, सगळं सविस्तर समजावलं आणि शेवटी हेच म्हणालो. आजोबांनी टोपी सारखी केली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "लई झ्याक सांगितलं."

मी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.